धुराची भिंत!

ए, एक कोडं घालू?

धुरापासून भिंत बांधता येईल का?

हसू नकोस! अगदी खरीखुरी भिंत. रंग लावता येईल, चित्र टांगता येईल अशी. आणि ती करायची कशापासून? तर धुराड्यातून भसाभसा बाहेर पडणाऱ्या धुरापासून!

"छे! धूर तर मुठीतसुद्धा धरता येत नाही," असंच म्हणशील ना? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण डेन्मार्क नावाच्या देशात एक गाव आहे. तिथं कितीतरी वर्षं अशा भिंती तयार होत होत्या. चल, जाऊ या तिथं!

गावाचं नाव कालुंडबोर्ग. म्हणून बघ मोठ्यानं. का-लुंड-बोर्ग! समुद्राकाठचं छोटंसं गाव आहे. राजधानी कोपनहेगनपासून सुमारे १०० किलोमीटरवर. माणसं किती? १६ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही लहान! गावात एक जुनं चर्च आहे. त्याला एक नाही, दोन नाही, चक्क पाच मनोरे आहेत!

पण जगभरातून शास्त्रज्ञ या गावात येतात ते मनोरे बघायला नाही. ते येतात पाइप बघायला! हो, पाइप! गावातल्या कारखान्यांना एकमेकांशी जोडणारे पाइप.

त्या पाइपांची गोष्ट मोठी मजेची आहे. पण आधी ती धुराची भिंत. ती मी विसरलेले नाही!

गावात एक वीजकेंद्र आहे. १९५९ साली सुरू झालेलं. पुढं कितीतरी वर्षं ते कोळशावर चालायचं. कोळसा जाळायचा, पाणी उकळायचं, वाफ करायची. त्या वाफेनं एक भलीमोठी भिंगरी गरागरा फिरवायची. भिंगरी फिरली की वीज तयार!

पण कोळशात थोडं गंधक असतं. काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो गंधकाचाच भाऊबंद. कोळसा जळला की हे गंधक वायू होऊन धुरात मिसळतं. हा वायू फार वाईट. घसा खवखवतो, खोकला येतो. ढगात जाऊन पाण्यात मिसळला तर पाऊससुद्धा आंबट होतो! त्या पावसानं झाडं वाळतात, तळ्यातले मासे मरतात.

मग काय करायचं? धुराला आंघोळ घालायची!

खरंच सांगते! चुनखडी माहीत आहे ना? तोच दगड, ज्याच्यापासून पानाला लावायचा चुना करतात. तो दगड दळून अगदी बारीक पीठ करायचं. पिठात पाणी घालायचं. धिरड्याच्या पिठाइतकं पातळ! आणि धूर वर जायला निघाला की त्याच्यावर या पाण्याचा शॉवर सोडायचा. धुरातलं गंधक चुनखडीला जाऊन चिकटतं. धूर बराचसा स्वच्छ होऊन वर जातो. आणि खाली काय उरतं?

ओळख पाहू!

पांढरट, ओलसर पीठ. त्याचं नाव जिप्सम!

जिप्सम तुला अनोळखी वाटेल, पण तुझी आणि त्याची रोज गाठ पडते. फळ्यावर लिहायचा पांढरा खडू बहुतेक वेळा त्याचाच असतो. हात मोडल्यावर डॉक्टर जे प्लास्टर घालतात, तेही त्याचंच. जिप्सम भाजलं की त्याच्यातलं पाणी उडून जातं आणि त्याची भुकटी होते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घाल. थोड्याच वेळात ती दगडासारखी घट्ट! आणि घट्ट होताना गरमही होते. तुझ्या वर्गात कुणाचा हात मोडला असेल तर विचारून बघ. ओलं प्लास्टर लावल्यावर हाताला ऊब लागते, ती यामुळंच.

आता कालुंडबोर्गच्या वीजकेंद्राला हे जिप्सम काय कामाचं? त्यांना तर वीज करायची! त्यांच्या दृष्टीनं तो ढीगभर कचराच.

पण शेजारी कोण होतं, माहीत आहे? भिंतीचे बोर्ड तयार करणारा कारखाना!

हे बोर्ड सँडविचसारखे असतात. वर एक जाड कागद, खाली एक जाड कागद, मधे जिप्समचं सारण. हा कारखाना आधी जिप्सम कुठून आणायचा? थेट स्पेन देशातल्या खाणींमधून! जहाजात भरून, समुद्र ओलांडून! आणि इथं शेजारच्याच अंगणात जिप्समचा ढीग पडायला लागला होता. १९९३ साली धुराला आंघोळ घालायची सोय झाली, आणि वीजकेंद्रातलं जिप्सम बोर्डाच्या कारखान्यात जायला लागलं.

कोळशाच्या धुरातलं गंधक आता कुणाच्या तरी घराच्या भिंतीत जाऊन बसलं होतं. झाली की नाही धुराची भिंत!

थांब, थांब! गंमत इथं संपत नाही. जिप्समचं सारण ओलं असतं. बोर्ड वाळवायला हवेत. वाळवायला उष्णता हवी. ती कुठून आणायची?

शेजारीच एक तेलशुद्धीकरण कारखाना होता. जमिनीतून काढलेल्या काळ्या तेलापासून पेट्रोल, डिझेल तयार करणारा. अशा कारखान्यात नको असलेला थोडा वायू उरतो. तो उंच नळीच्या टोकाशी जाळून टाकतात. मुंबईत माहुल-चेंबूर भागात कुणी राहत असेल तर त्याला विचार. रात्री आकाशात पेटलेली ती ज्योत त्यानं नक्की पाहिली असेल.

जरा विचार कर. एका घरात गॅस नुसताच जळतोय, वर भांडं नाही, काही नाही! आणि शेजारच्या घरात ओले कपडे वाळत नाहीत म्हणून सगळे वैतागलेत! मग १९७२ साली बोर्डाचा कारखाना आला तेव्हा त्यानं तेलवाल्या शेजाऱ्याला म्हटलं, तुमचा तो वाया जाणारा वायू आम्हाला द्या. झालं! मधे पाइप टाकला. ज्योतीतून उडून जाणाऱ्या वायूवर बोर्ड वाळायला लागले.

मला या गावाचं सगळ्यात जास्त काय आवडतं, सांगू? इथं कुणी एका बड्या साहेबानं नकाशा आखून, हुकूम सोडून हे घडवलं नाही. दोन शेजारी भेटले. "तू काय टाकतोस?" "मला काय लागतं?" एवढंच बोलले. तू मधल्या सुट्टीत हेच करतेस किंवा करतोस ना? तुला भेंडी नको असते, मैत्रिणीला ती फार आवडते. तिला गूळपोळी नको असते, आणि तुझा तर जीव गूळपोळीवर! दोन डब्यांची अदलाबदल, दोघं खूश. कालुंडबोर्गमध्ये अशा जोड्या एकेक करत जमत गेल्या. आणि फुकट नाही हं! घेणारा पैसे मोजायचा, पण लांबून माल आणण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. टाकणाऱ्याला कचरा उचलायचा खर्च वाचायचा.

गाव छोटं. कारखान्यांचे साहेब एकमेकांना ओळखायचे. ओळख नसेल तर शेजाऱ्याच्या मागच्या अंगणात काय पडलंय, हे कळणार तरी कसं?

पहिला पाइप मात्र पाण्याचा होता. १९६१ सालचा. तेलाच्या कारखान्याला पाणी फार लागायचं, आणि जमिनीखालचं पाणी तर गावाला प्यायला हवं. म्हणून जवळच्या टिसो नावाच्या तलावातून पाणी आणलं. पुढं त्या पाण्यात वीजकेंद्रही वाटेकरी झालं. आणि १९८७ पासून तर तेलाच्या कारखान्यात यंत्रं थंड करायला वापरलेलं पाणीच वीजकेंद्राकडं जायला लागलं. आपली आजी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते ना, तसं!

आता वाफेची गोष्ट. ही ऐकून मी तर थक्क झाले होते!

समज, तुझ्याकडं दहा लाडू आहेत. शाळेत नेता नेता त्यातले सहा वाटेतच सांडले. केवढं हळहळायला होईल! पण कोळशाच्या वीजकेंद्रात अगदी हेच होतं. कोळसा जाळून जेवढी उष्णता मिळते, तिच्यातल्या निम्म्याहून कमी उष्णतेची वीज होते. उरलेली? गेली! हवेत नाहीतर समुद्रात.

कालुंडबोर्गवाल्यांनी हे सांडलेले लाडू वेचायला सुरुवात केली!

१९८१ सालापासून वीजकेंद्राची उरलेली उष्णता गावातल्या घरांत जायला लागली. डेन्मार्कमध्ये हिवाळा कडाक्याचा. घरोघरी ऊब लागतेच. आधी प्रत्येक घर स्वतःची तेलाची भट्टी पेटवायचं. मग पाइपातून गरम पाणी घरात खेळायला लागलं आणि सुमारे साडेतीन हजार भट्ट्या बंद झाल्या! साडेतीन हजार घरांचा धूर एकदम कमी!

पुढच्याच वर्षी वाफेचे पाइप कारखान्यांकडं गेले. एक पाइप तेलाच्या कारखान्याकडं. दुसरा औषधांच्या कारखान्याकडं. औषधवाल्यांना वाफ कशाला हवी? बाळाची दुधाची बाटली आई उकळत्या पाण्यात का घालते? जंतू मरावेत म्हणून! औषधांच्या मोठमोठ्या टाक्याही तशाच वाफेनं धुऊन काढाव्या लागतात.

एक अट मात्र आहे. वाफेला लांबचा प्रवास झेपत नाही. सकाळी डब्यात भरलेले गरमागरम पोहे मधल्या सुट्टीपर्यंत गार होतात ना? वाफेचंही तसंच. म्हणून शेजारी जवळच हवा.

आणि त्यानंतरही थोडी उष्णता उरलीच! वीजकेंद्र समुद्राचं पाणी घेऊन यंत्रं थंड करायचं. ते पाणी कोमट होऊन बाहेर यायचं. त्या कोमट पाण्यात एके काळी काय केलं असेल? मासे पाळले! थंडगार समुद्रात हळूहळू वाढणारे मासे उबदार पाण्यात भराभर मोठे व्हायचे. आणि माशांच्या टाक्यांच्या तळाशी साठलेला गाळ? शेतात खत म्हणून!

आता औषधांच्या कारखान्यात डोकावू या. इथं इन्सुलिन तयार होतं. तुझ्या आजोबांना किंवा शेजारच्या काकूंना मधुमेह असेल, तर ते कदाचित सुईनं टोचून घेत असतील, तेच औषध. जगातल्या इन्सुलिनचा फार मोठा वाटा या एवढ्याशा गावात तयार होतो!

आणि ते तयार कोण करतं? माणसं नाहीत. यंत्रंही नाहीत. यीस्ट! पाव फुगवणारं यीस्ट माहीत आहे ना? इवलेइवले, डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांच्याच जातीचं हे यीस्ट. शास्त्रज्ञांनी त्याला इन्सुलिन करायला शिकवलंय. मोठाल्या टाक्यांमध्ये ते साखर खातं, वाढतं आणि इन्सुलिन करतं. इन्सुलिन काढून घेतलं की टाकीभर यीस्ट उरतं. फेकून द्यायचं? मुळीच नाही! त्यात भरपूर प्रथिनं असतात. आधी गरम करून ते यीस्ट मारायचं, मग ते डुकरांच्या खाद्यात मिसळायचं. आसपासच्या शेतकऱ्यांकडची डुकरं खूश! अलीकडं ते बायोगॅसच्या टाकीत जातं. आपल्या खेड्यांतल्या गोबर गॅससारखाच प्रकार. त्यातून गॅस मिळतो, आणि उरलेला रबडा खत म्हणून शेतात.

आता बघ हं. कोळशाच्या धुराची भिंत. उरलेल्या वायूवर वाळलेले बोर्ड. उरलेल्या उष्णतेवर ऊब घेणारी घरं. यीस्टवर पोसलेली डुकरं. भिंत जरा नंतरची. पण बाकीचं सगळं गावात आधीपासून चाललेलं होतं, आणि गावातल्या माणसांनाच ते एकत्र दिसलं नव्हतं! प्रत्येक कारखान्याला फक्त आपले एक-दोन पाइप माहीत. अख्खं चित्र कुणाच्या लक्षात आलं असेल?

ओळख बघू! मंत्र्यांच्या? शास्त्रज्ञांच्या? कारखान्याच्या साहेबांच्या?

शाळेतल्या मुलांच्या!

हो! १९८९च्या सुमारास गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी विज्ञानाच्या प्रकल्पासाठी गावाची छोटी प्रतिकृती केली. कोणता पाइप कुठून निघतो, कुठं जातो, सगळं त्यात दाखवलं. आणि मोठी माणसं बघतच राहिली! अरे, आपण तर सगळे एकमेकांना बांधलेले आहोत! आज मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवतात ती ही गोष्ट, आणि पहिल्यांदा ती एका शाळेच्या टेबलावर मांडली गेली. मला हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू! विज्ञान प्रदर्शनासाठी रात्री जागून पुठ्ठे कापले असशील ना? मग तुला तो आनंद जास्त कळेल.

या शेजारपणाला एक नाव मिळालं. औद्योगिक सहजीवन. सहजीवन म्हणजे एकमेकांच्या साथीनं जगणं. त्याचा नमुना तुझ्या स्वयंपाकघरातच आहे! आईला विचार, मसाल्याच्या डब्यात दगडफूल आहे का? गोड्या मसाल्यात घालतात ते काळपट, चुरचुरीत, फुलासारखं दिसणारं काहीतरी. ते फूल नाहीच! एक बुरशी आणि एक शेवाळ अशी ती जोडी आहे. बुरशी घर देते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हात स्वयंपाक करतं आणि बुरशीला जेवू घालतं. एकटं शेवाळ उघड्या खडकावर सुकून गेलं असतं. एकटी बुरशी उपाशी राहिली असती. दोघं मिळून खडकावर थाटात राहतात! आणि आपल्या आमटीला वास देतात.

मोठी माणसं आणखी एक जड शब्द वापरतात. चक्रीय अर्थव्यवस्था. घाबरू नकोस! आजी दुधाची साय काढते. सायीचं विरजण लावते. ते घुसळून लोणी आणि ताक. लोणी कढवून तूप. आणि तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी काय राहतं? बेरी! साखर घालून ती आपल्यालाच मिळते. काही वाया गेलं का? नाही! हेच कारखान्यांनी करायचं, एवढाच त्या जड शब्दाचा अर्थ. फक्त एक फरक आहे. आजीचं सगळं एका स्वयंपाकघरात होतं. कारखान्याला मात्र स्वतःची बेरी स्वतः खाता येत नाही. ती खाणारा दुसऱ्या धंद्यातला कुणीतरी शोधावा लागतो.

आता एक अवघड गोष्ट सांगते. सांगायलाच हवी.

धुराला आंघोळ घातली तरी तो पुरता स्वच्छ होत नाही. कोळसा जळताना कार्बन डायऑक्साइडही निघतो. तो त्या शॉवरमध्ये धुतला जात नाही, आणि त्यानं पृथ्वी तापते. म्हणून कालुंडबोर्गच्या वीजकेंद्रानं कोळसा सोडला. आता तिथं लाकडाचे बारीक तुकडे जाळतात. छान झालं ना?

पण थांब. कोळसा गेला. गंधक गेलं. मग जिप्सम?

तेही गेलं!

आपल्या क्रिकेटच्या टीममधला एक मुलगा रोज बॅट आणतो. एक दिवस त्याच्या बाबांची बदली होते आणि तो गाव सोडतो. मग खेळायचं कशानं? बोर्डाच्या कारखान्याचं तसंच झालं. दुसऱ्याच्या कचऱ्यावर आपलं काम चालत असेल तर तो कचरा थांबेल तेव्हा काय, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. बोर्डाच्या कारखान्यात पाडलेल्या घरांमधले जुने बोर्ड फोडून त्यांच्यातलं जिप्समही वापरतात. म्हणजे जुनी भिंत पुन्हा नवी भिंत! जिप्सम भाजलं की भुकटी, पाणी घातलं की दगड. हा खेळ पुन्हा पुन्हा खेळता येतो, म्हणून तर हे जमतं.

आणि वाफ? ती अजून मिळते. कोळशाच्या जागी लाकूड आलं, पाइप तेच! आज या गावात वेगवेगळ्या कारखान्यांमध्ये वीसहून जास्त गोष्टींची देवाणघेवाण चालते.

"डेन्मार्कचं झालं. आपल्याकडं?" असं विचारशील तर आधी कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर चल! उसाचा रस काढला की चिपाडं उरतात. ती उन्हात वाळवायची आणि काहिलीखालच्या चुलाण्यात जाळायची. उसाचा रस उसाच्याच चिपाडांवर उकळतो आणि गूळ होतो! साखर कारखान्यात हेच भल्यामोठ्या आकारात चालतं. १०० किलो उसातून साखर मिळते जेमतेम १० ते ११ किलो. चिपाड मात्र जवळजवळ ३० किलो! ते जाळून कारखाना स्वतःसाठी वाफ आणि वीज करतो, आणि कितीतरी कारखाने उरलेली वीज विकतात. साखर काढल्यावर उरलेल्या काळ्या मळीपासून इथेनॉल करतात. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. म्हणजे बाबांच्या स्कूटरच्या टाकीत थोडासा ऊसही असतो!

आणि एक गंमत तर तुला आजच बघता येईल. जवळपास कुठं बांधकाम चालू असेल तर सिमेंटचं रिकामं पोतं शोध. आत वाकून बघू नकोस हं, भुकटी डोळ्यांत जाते! फक्त वरची अक्षरं वाच. कितीतरी पोत्यांवर 'फ्लाय ॲश' असे शब्द इंग्रजीत छापलेले दिसतील. पुढं टक्केही असतील. ती असते वीजकेंद्रातली कोळशाची राख! १०० किलो सिमेंटमध्ये ३५ किलोपर्यंत राख घालता येते. कोराडी, चंद्रपूर, परळीला कोळशावर वीज होते ना? तसल्या केंद्रांची ही राख. ती सिमेंटात मिसळली की भिंत कच्ची होत नाही. उलट दिवसेंदिवस जास्त पक्की होत जाते!

बघ, धुराची भिंत डेन्मार्कमध्ये. राखेची भिंत तुझ्याच गल्लीत!

आता एक काम करशील? एक मोठा कागद घे. त्यावर तुझी गल्ली काढ. रसवंतीगृह, सुतारकाकांचं दुकान, शिंपीकाकूंचं दुकान, चहाची टपरी, रोपवाटिका, गोठा. प्रत्येकाकडं जा आणि दोनच प्रश्न विचार. "तुम्ही रोज काय टाकता?" आणि "तुम्हाला काय विकत आणावं लागतं?" मग जोड्या जुळतात का बघ. जुळल्या की रंगीत दोरा लाव.

मी आमच्या गल्लीचा कागद सुरू केलाय. सुतारकाकांचा भुसा गोठ्यात गाईंखाली पसरायला चालेल. टपरीवरचा चहाचा चोथा रोपवाटिकेला हवाय, पण साखर धुऊन! शिंपीकाकूंच्या चिंध्या गादीवाल्यांनी आधीच मागून ठेवल्यात.

कोपऱ्यावरच्या नारळपाणीवाल्या काकांची शहाळी मात्र अजून एकटीच आहेत. रोज पोतं भरतं. ओली, जड, हिरवीगार. त्यांना कुणाशी जोडू? कालपासून दोरा हातात घेऊन बसलेय. तुला कुणी सुचतंय का?